तापमान वाढले म्हणून वर्षावनातले बाष्पीभवन वाढतेच असे नाही

हवा तापली की पाणी लवकर उडून जाते, हा आपला रोजचा अनुभव आहे. त्यामुळे जागतिक तापमानवाढीबरोबर पृथ्वीवर सगळीकडे बाष्पीभवन वाढत असणार, असे आपण सहज धरून चालतो. कोरड्या प्रदेशांत हे गृहीतक अपुरे पडते, कारण तिथे उडून जायला मुळात पाणीच थोडे असते. पण जिथे पाण्याची ददात नसते त्या विषुववृत्ताजवळच्या वर्षावनांतही ते टिकत नाही, आणि तिथे ते का टिकत नाही हे समजून घेण्यासारखे आहे. ॲमेझॉन आणि काँगो या नद्यांची खोरी, बोर्निओ, सुमात्रा, मलेशियाचे द्वीपकल्प अशा प्रदेशांत जमिनीवरून आणि झाडांवरून हवेत जाणारी वाफ हाच पुढच्या पावसाचा एक मोठा साठा असतो. त्या वाफेचे प्रमाण दशकानुदशके कोणत्या दिशेने सरकते आहे, या प्रश्नावर वर्षावन वर्षावन म्हणून टिकणार की नाही, हे बऱ्याच अंशी अवलंबून आहे.

हवामानशास्त्रात वर्षावनी हवामानाची व्याख्या साधी आहे. सर्वांत थंड महिन्याचेही सरासरी तापमान १८ अंश सेल्सिअसच्या वर आणि वर्षातल्या प्रत्येक महिन्यात किमान ६० मिलिमीटर पाऊस, अशी कोपेन या शास्त्रज्ञाने केलेल्या हवामानाच्या वर्गीकरणातली अट आहे. प्रत्यक्षात या प्रदेशांचे सरासरी तापमान वर्षभर २५ ते २७ अंशांच्या आसपास राहते, आणि उन्हाळा-हिवाळ्यात जेवढा फरक पडतो त्यापेक्षा जास्त फरक एकाच दिवसाच्या दुपारी आणि पहाटे पडतो. ॲमेझॉनच्या दक्षिण भागात आणि काँगोच्या बऱ्याच भागात मात्र काही महिने पाऊस खूप कमी असतो. काटेकोर व्याख्येने ते शेजारच्या गटात जातात, तरी तिथेही घनदाट सदाहरित जंगल उभे आहे. दीर्घकालीन बदलांची सर्वांत ठळक चिन्हे याच काठावरच्या जंगलांत दिसतात, म्हणून त्यांना या लेखातून वगळता येणार नाही.

जंगलातून पाणी हवेत जाण्याचे मार्ग तीन आहेत. पावसाचे काही पाणी पानांवर, फांद्यांवर आणि सालीवर अडकते आणि जमिनीवर न पोचताच तिथून उडून जाते. काही पाणी ओल्या जमिनीवरून आणि ओढ्या-नाल्यांतून उडते. उरलेले, आणि वर्षावनात सर्वांत जास्त असलेले, पाणी मुळांनी शोषून खोडातून वर नेलेले असते आणि पानांवरच्या सूक्ष्म पर्णरंध्रांतून बाहेर पडते. यालाच बाष्पोत्सर्जन म्हणतात. ब्राझीलमध्ये मानाउसजवळच्या डुके राखीव जंगलात १९८३ ते १९८५ या काळात जेम्स शटलवर्थ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मनोरा उभारून जी मापने केली, त्यांत पडलेल्या पावसापैकी सुमारे निम्मे पाणी वाफ होऊन परत हवेत जात असल्याचे दिसले. पावसाचा सुमारे दहावा हिस्सा पानांवरच अडकून उडत होता आणि बाकीची वाफ मुख्यतः बाष्पोत्सर्जनाची होती. म्हणूनच वर्षावनातल्या बाष्पीभवनाचा विचार करताना उघड्या पाण्याचे चित्र डोळ्यांसमोर ठेवून भागत नाही, कारण हे बहुतेक पाणी जिवंत झाडांच्या ताब्यातून जाते.

आता या सगळ्याला लागणारी ऊर्जा पाहू. एक किलो पाण्याची वाफ होण्यासाठी सुमारे २.४५ मेगाज्यूल उष्णता लागते. ही उष्णता वाफेत अप्रकट रूपाने साठते आणि ढग बनताना बाहेर पडते. वर्षावनातून दिवसाला साधारण ३ ते ४ मिलिमीटर पाणी उडते. ४ मिलिमीटर म्हणजे प्रत्येक चौरस मीटरवरून ४ लिटर, आणि त्यासाठी लागणारी ऊर्जा होते सुमारे १० मेगाज्यूल, म्हणजे जवळपास पावणेतीन युनिट विजेइतकी. एका हेक्टरसाठी हा आकडा दिवसाला सत्तावीस हजार युनिटांच्या घरात जातो आणि उडून जाणारे पाणी चाळीस हजार लिटर असते. एवढी ऊर्जा देणारा स्रोत एकच आहे, तो म्हणजे ऊन. जमीन ओली आहे, झाडे हिरवीगार आहेत आणि मुळांना पाणी मिळते आहे, अशा ठिकाणी किती वाफ होणार हे प्रामुख्याने किती ऊन मिळते यावर ठरते. वर्षावनातले बाष्पीभवन पाण्याअभावी अडत नाही, ते ऊर्जेअभावी अडते, असे शास्त्रज्ञ म्हणतात तेव्हा त्यांना हेच सांगायचे असते. पुढचे सगळे विवेचन या एका वाक्यावर उभे आहे.

ऊन हा एकमेव घटक मात्र नाही. दोरीवरचे कपडे वाळायला ऊन लागते, तसाच वाराही लागतो आणि हवा कोरडी असावी लागते. ढगाळ, दमट, वारा पडलेल्या दिवशी ते संध्याकाळपर्यंत ओलेच राहतात. हवेतल्या वाफेच्या कमतरतेशी बाष्पीभवनाचे नाते जॉन डाल्टन यांनी १८०२ मध्येच मांडले होते. हॉवर्ड पेनमन यांनी १९४८ मध्ये ऊर्जेचा वाटा आणि हवेच्या कोरडेपणाचा व वाऱ्याचा वाटा एकाच समीकरणात बसवला. या समीकरणाचा वर्षावनापुरता अर्थ लावला तर एक गोष्ट लक्षात येते. जमिनीला मिळालेल्या निव्वळ ऊर्जेपैकी किती भाग वाफेत जाणार हे ठरवणारा एक गुणक त्यात आहे आणि तो तापमानाबरोबर वाढतो. १० अंशांना तो सुमारे ०.५५ असतो, तर २६ अंशांना सुमारे ०.७५. पण २६ अंशांवरून २७ अंशांवर गेल्यास त्यात जेमतेम एक-सव्वा टक्क्याची भर पडते. म्हणजे ऊन तेवढेच राहिले आणि हवा फक्त एका अंशाने तापली, तर ऊर्जेच्या बाजूने मिळणारी वाढ नगण्य आहे. ढगांमुळे किंवा धुरामुळे ऊन दोन टक्क्यांनी कमी झाले तरी ती पुसली जाते.

हवेच्या कोरडेपणाची बाजू मात्र अधिक संवेदनशील आहे. २६ अंशांच्या हवेत जास्तीत जास्त सुमारे ३३.६ हेक्टोपास्कल (हे दाब मोजण्याचे एकक) इतक्या दाबाची वाफ मावते. सापेक्ष आर्द्रता ८० टक्के असेल तर मावू शकणारी आणि असलेली वाफ यांतला फरक, म्हणजे बाष्पदाबातील तूट, ६.७ हेक्टोपास्कल होते. हवा २७ अंशांवर गेली आणि आर्द्रता ८० टक्केच राहिली, तर ही तूट सुमारे ६ टक्क्यांनी वाढते. आर्द्रता ७८ टक्क्यांवर उतरली तर तीच वाढ सुमारे १७ टक्के होते, आणि हवेत वाफेची काहीच भर पडली नाही तर ती ३० टक्क्यांच्या आसपास जाते. म्हणून वर्षावनाच्या बाबतीत तापमानाच्या आकड्याइतकेच, किंबहुना त्याहून जास्त लक्ष सापेक्ष आर्द्रतेवर ठेवावे लागते. गेल्या काही दशकांत ॲमेझॉनवरच्या हवेतील ही तूट वाढल्याचे नोंदवले गेले आहे, आणि ही वाढ कोरड्या महिन्यांत व दक्षिण-पूर्व भागात अधिक आहे. हवेची तहान वाढली आहे, यात शंका नाही. पण ती तहान भागवायला झाडे किती पाणी सोडतात, हा वेगळा प्रश्न आहे आणि त्याकडे आपण पुढे येऊ.

बाष्पीभवनाच्या सर्वांत जुन्या आणि सलग नोंदी एका साध्या भांड्यातून आलेल्या आहेत. हवामान केंद्रांवर वापरले जाणारे ए वर्गाचे बाष्पीभवन पात्र सुमारे १२१ सेंटिमीटर व्यासाचे आणि २५ सेंटिमीटर खोल असते, लाकडी चौकटीवर जमिनीपासून थोडे उंच ठेवलेले असते, आणि निरीक्षक रोज सकाळी ठरलेल्या वेळी त्यातल्या पाण्याची पातळी मोजतो. कोरड्या हवामानात पातळी जितकी उतरली तितके बाष्पीभवन, इतके हे सरळ आहे. वर्षावनात ते तसे राहत नाही. समजा रात्रभरात ४० मिलिमीटर पाऊस पडला आणि पात्रातली पातळी ३७ मिलिमीटरने वर आली, तर बाष्पीभवन ३ मिलिमीटर धरले जाते. पण शेजारच्या पर्जन्यमापकाने एक मिलिमीटर पाऊस कमी नोंदवला असेल, किंवा जोराच्या सरीत पात्रातून तेवढे पाणी उसळून बाहेर गेले असेल, तर त्या दिवसाच्या आकड्यात तिसऱ्या हिश्शाची चूक होते. पावसाचे दिवस तर वर्षातून शंभरावर असतात. ज्या दीर्घकालीन बदलाचा शोध घ्यायचा तो मात्र जगभरच्या पात्रांत दरवर्षी दोन ते चार मिलिमीटर इतकाच आढळलेला आहे. सततच्या पावसाच्या प्रदेशातल्या पात्रांच्या नोंदी वाचताना किती जपून चालावे लागते, ते यावरून कळावे.

ही पात्रे १९९५ मध्ये एकदम चर्चेत आली. थॉमस पीटरसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिका आणि पूर्वीच्या सोव्हिएत संघातल्या नोंदी तपासून दाखवले, की तापमान वाढत असताना पात्रांतले बाष्पीभवन कित्येक दशके घटत गेले होते. दोनच वर्षांनी भारतातल्या १९६१ ते १९९२ या काळातल्या नोंदींतही तशीच घट दिसली, आणि पुढे चीन, ऑस्ट्रेलिया, थायलंड अशा वेगवेगळ्या ठिकाणांहून तेच कळले. शास्त्रज्ञांनी याला बाष्पीभवनाचा विरोधाभास असे नाव दिले. यावरची सर्वांत पटणारी उत्तरे दोन आहेत. पहिले मायकेल रॉडरिक आणि ग्रॅहम फार्कर यांनी २००२ मध्ये मांडले: १९५० ते १९८० च्या दशकांत हवेतले प्रदूषक सूक्ष्मकण आणि ढग यांमुळे जमिनीवर पोचणारे ऊनच काही टक्क्यांनी कमी झाले होते, आणि पात्रांतली घट त्याच्याशी जुळते. दुसरे उत्तर वाऱ्याचे आहे. ऑस्ट्रेलियातल्या नोंदींचे घटकांनुसार विभाजन केल्यावर तिथली बरीचशी घट जमिनीलगतचा वारा मंदावल्यामुळे झाल्याचे दिसले. १९८० नंतर जगातल्या अनेक भागांत ऊन पुन्हा वाढू लागले, आणि २०१० च्या सुमाराला वाराही पुन्हा जोर धरू लागला, त्यामुळे त्यानंतर काही प्रदेशांतल्या पात्रांचा कल उलटला.

वर्षावनात वारा तसाही मंद असतो, म्हणून तिथे पहिले उत्तर अधिक लागू पडते. दक्षिण ॲमेझॉनमध्ये ऑगस्ट ते ऑक्टोबर या काळात जंगल आणि कुरणे जाळल्याचा धूर कित्येक दिवस आकाश व्यापून राहतो. विरळ धुरात प्रकाश विखुरला जातो आणि झाडांच्या शेंड्यांनी बनलेल्या छत्राच्या आतल्या, एरवी सावलीत राहणाऱ्या पानांपर्यंत पोचतो, त्यामुळे त्यांचे काम थोडे वाढते. पण धूर दाट झाला की एकूण ऊर्जाच घटते आणि तिच्याबरोबर वाफही.

इथे एक गफलत वारंवार होते आणि ती टाळणे मला फार महत्त्वाचे वाटते. पात्र जे मोजते ती हवेची मागणी असते. जंगलातून प्रत्यक्ष किती वाफ गेली, हे ते मोजत नाही. या दोन राशींचे नाते फ्रेंच शास्त्रज्ञ बूशे यांनी १९६३ मध्ये मांडले आणि ब्रुट्सार्ट व पार्लांज यांनी १९९८ मध्ये ते या विरोधाभासाला लावून दाखवले. जमीन पुरेशी ओली असते तेव्हा मागणी आणि प्रत्यक्ष बाष्पीभवन दोन्ही उन्हाच्या तालावर चालतात, म्हणजे पात्रातले बाष्पीभवन घटले तर जंगलातलेही घटले असण्याची शक्यता जास्त. पण जमीन कोरडी पडू लागली की प्रत्यक्ष वाफ कमी होते, वाफेत न गेलेली ऊर्जा हवा तापवते, तापलेली कोरडी हवा पात्राभोवती फिरते आणि पात्रातले पाणी आणखी वेगाने उडते. तेव्हा दोन्ही राशी परस्परविरुद्ध दिशांनी जातात. याचा व्यवहारातला अर्थ असा, की घनदाट जंगलाच्या मधल्या मोकळ्या जागेत ठेवलेल्या पात्राची नोंद आणि आजूबाजूचे जंगल तुटून गेलेल्या गावातल्या पात्राची नोंद एकाच पद्धतीने वाचता येत नाही. दुसऱ्या ठिकाणी पात्रातले बाष्पीभवन वाढलेले दिसेल आणि तीच वाढ त्या परिसरातून हवेत जाणारी एकूण वाफ घटल्याची खूण असेल.

आता झाडांकडे वळू. पानांवरची रंध्रे उघडली की कार्बन डायऑक्साइड आत येतो आणि त्याच वाटेने पाणी बाहेर जाते. हवेत कार्बन डायऑक्साइड जास्त असेल तर रंध्रे थोडी मिटलेली ठेवूनही पानाचे भागते. हवाई बेटांवरच्या मौना लोआ येथे १९५८ मध्ये मोजणी सुरू झाली तेव्हा या वायूचे प्रमाण हवेच्या दहा लाख भागांत सुमारे ३१५ होते. आज ते ४२० च्या पुढे गेले आहे. मोकळ्या हवेत हा वायू वाढवून केलेल्या प्रयोगांत रंध्रांची वाफ सोडण्याची क्षमता सरासरी एक-पंचमांशाच्या आसपास घटल्याचे आढळले, मात्र हे प्रयोग प्रामुख्याने समशीतोष्ण प्रदेशांतल्या वनस्पतींवर झालेले आहेत. वर्षावनात तसा प्रयोग करण्यासाठी मानाउसच्या उत्तरेला मोठी यंत्रणा उभारली गेली आहे. झाडांच्या खोडांतली साक्ष मात्र उपलब्ध आहे: बोलिव्हिया, कॅमेरून आणि थायलंडमधल्या जंगली झाडांच्या लाकडातील कार्बनच्या समस्थानिकांचा, म्हणजे वेगवेगळ्या वजनाच्या कार्बन अणूंच्या प्रमाणाचा, अभ्यास २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला, आणि गेल्या दीडशे वर्षांत पाण्याच्या प्रत्येक थेंबामागे झाडांनी बांधलेला कार्बन वाढल्याचे त्यातून दिसले. पण झाडांची वाढ मात्र वेगावलेली नव्हती. म्हणजे झाडे पाणी काटकसरीने वापरू लागली असावीत, आणि ही काटकसर बाष्पोत्सर्जन कमी करणाऱ्या बाजूला पडते.

ही घट सरळ रेषेत पुढे जात नाही, हेही सांगायला हवे. रंध्रे मिटली की पान कमी थंड होते आणि त्याचे तापमान चढते. छत्रावरची हवाही कोरडी होते. आणि तापलेल्या पानातून कोरड्या हवेकडे पाणी ओढले जाण्याचा जोर वाढतो. त्यामुळे रंध्रे जितक्या प्रमाणात मिटतात तितक्या प्रमाणात वाफ घटत नाही. शिवाय वाढती तूट आणि वाढता कार्बन डायऑक्साइड हे दोन्ही घटक रंध्रांना मिटायलाच सांगतात, तर हवेची तहान पाणी बाहेर ओढते. हवामानाच्या संगणकीय प्रारूपांमध्ये वर्षावनांच्या भवितव्याबद्दल जो मतभेद दिसतो, त्याचे एक मोठे कारण या ओढाताणीचे गणित प्रत्येक प्रारूपात वेगळ्या रीतीने सोडवले जाते, हे आहे.

झाडे कोरड्या महिन्यांत काय करतात, हा तर या विषयातला सर्वांत विलक्षण भाग म्हणावा लागेल. पाऊस कमी म्हणजे वाफ कमी, असे आपल्याला वाटते. पूर्व आणि मध्य ॲमेझॉनमधल्या मनोऱ्यांवर मात्र, उदाहरणार्थ सांतारेमजवळच्या तापाजोस जंगलात, कोरड्या ऋतूतले बाष्पीभवन पावसाळ्याइतके किंवा त्याहून जास्त भरले. ढग हटल्याने ऊन वाढते, आणि जमिनीच्या वरच्या थरात पाणी नसले तरी खोल गेलेली मुळे ते खालून आणतात. पूर्व ॲमेझॉनमध्ये पारागोमिनासजवळ डॅनियल नेपस्टॅड यांच्या गटाने खोदलेल्या विहिरींमध्ये झाडांची मुळे आठ मीटरच्याही खाली पाणी शोषताना आढळली होती. हे निष्कर्ष १९९४ मध्ये प्रसिद्ध झाले. भरीला याच महिन्यांत बरीच झाडे जुनी पाने टाकून नवी पालवी धारण करतात, आणि तरुण पानांची कार्यक्षमता अधिक असते. ऊन, खोल पाणी आणि नवी पाने हे तिन्ही एकाच वेळी जुळून येतात. म्हणून थोड्याशा दुष्काळाने वर्षावनातली वाफ लगेच घटत नाही, सुरुवातीला ती वाढूही शकते. मात्र खोलवरचा साठा उपसला गेला आणि तो भरून काढणारा पावसाळा तोकडा पडला, की हीच जंगले ऊर्जेच्या मर्यादेतून पाण्याच्या मर्यादेत ढकलली जातात. २००५, २०१०, २०१५-१६ आणि २०२३-२४ अशा थोड्या थोड्या अंतराने आलेल्या दुष्काळांनी ॲमेझॉनच्या काही भागांत असा ताण आणलेला आहे. मानाउसच्या बंदरात रिओ नेग्रो नदीची पातळी १९०२ पासून मोजली जाते. तिथला नीचांक २०२३ मध्ये मोडला गेला आणि पुढच्याच वर्षी पुन्हा मोडला गेला.

आतापर्यंत सांगितलेले सगळे बदल काही टक्क्यांचे आणि वादाचे आहेत. जंगलतोडीचा परिणाम मात्र तसा नाही, आणि दीर्घकालीन बदलांची चर्चा करताना त्याला शेवटी उरलेल्या एका परिच्छेदात ढकलण्याची जी पद्धत आहे, ती मला योग्य वाटत नाही. ॲमेझॉनच्या मूळ जंगलापैकी साधारण सहावा ते पाचवा हिस्सा आतापर्यंत तुटला आहे आणि त्यातला मोठा भाग गुरांची कुरणे झाला आहे. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला ब्रिटिश आणि ब्राझिलियन शास्त्रज्ञांनी जंगल आणि कुरण यांच्या जोड्या निवडून शेजारी शेजारी मापने घेतली. जंगल त्याच्यावर पडलेल्या उन्हापैकी सुमारे १३ टक्के परावर्तित करते आणि कुरण सुमारे १८ टक्के, म्हणजे कुरणाला ऊर्जाच कमी मिळते. गवताची मुळे उथळ असतात, त्यामुळे कोरड्या महिन्यांत त्याचे बाष्पोत्सर्जन झपाट्याने उतरते, तर जंगल त्याच वेळी आपल्या पूर्ण क्षमतेने वाफ सोडत असते. गवताचा पृष्ठभाग जंगलाइतका खडबडीत नसल्याने हवेची घुसळणही कमी होते, आणि पानांवर अडकून उडणारे पाणीही फारसे नसते. चारही बाजूंनी घटच.

या घटीचा उलटा पुरावा नद्यांमध्ये दिसतो. जे पाणी वर जात नाही ते खाली वाहते. ब्राझीलच्या तोकांतिन्स नदीच्या वरच्या खोऱ्यात १९४९ ते १९६८ आणि १९७९ ते १९९८ या दोन कालखंडांची तुलना केल्यावर पावसात लक्षणीय फरक आढळला नाही, पण नदीचा वार्षिक प्रवाह २४ टक्क्यांनी वाढलेला होता. हे खोरे मुख्यतः गवताळ अरण्याचे आहे, घनदाट वर्षावनाचे नाही. तरीही जमिनीचा वापर बदलल्यावर वाफेचा वाटा नदीकडे कसा वळतो, याचे इतके स्वच्छ उदाहरण क्वचितच सापडते.

छोट्या खोऱ्यात नदीला पाणी वाढले म्हणजे फायदाच झाला, असे कोणाला वाटेल. तसे का नाही, हे पाहायला खोऱ्याच्या आकाराबाहेर यावे लागते. १९७० च्या दशकात एनेयास सालाती यांनी अटलांटिक किनाऱ्यापासून आत आत जाताना पावसाच्या पाण्यातील ऑक्सिजनची समस्थानिके तपासली. समुद्रावरून आलेली वाफ एकदाच पडून संपत असती तर त्यांचे प्रमाण जेवढे बदलायला हवे होते, तेवढे ते बदलत नव्हते. म्हणजे तेच पाणी पडत होते, झाडांतून पुन्हा वर जात होते आणि पश्चिमेला पुन्हा पडत होते. खोऱ्यातल्या पावसाचा चौथा ते तिसरा हिस्सा याच खोऱ्यातल्या वाफेपासून बनतो, असा आजचा अंदाज आहे. सुमारे ५५ लाख चौरस किलोमीटरच्या जंगलातून दिवसाला ३.६ मिलिमीटर पाणी उडते असे धरले, तर रोज २० अब्ज टन वाफ वर जाते. ॲमेझॉन नदी सेकंदाला सुमारे दोन लाख घनमीटर पाणी समुद्रात ओतते, म्हणजे दिवसाला सुमारे १७ अब्ज टन. जगातली सर्वांत मोठी नदी जेवढे पाणी वाहून नेते, त्याहून अधिक पाणी डोक्यावरून जात असते. ब्राझीलमध्ये त्याला उडत्या नद्या म्हणतात, ते या अर्थाने.

दक्षिण ॲमेझॉनमध्ये पावसाळा सुरू होण्यामागे समुद्रावरचे वारे हे एकमेव कारण नाही, हे २०१७ मध्ये उपग्रहांनी टिपलेल्या वाफेतील जड हायड्रोजनच्या प्रमाणावरून दाखवले गेले. ते वारे पोचण्याच्या आधी, कोरड्या ऋतूच्या अखेरीस जंगलच आपल्या बाष्पोत्सर्जनाने हवा ओली करते, तिथे पहिले उंच ढग बनतात आणि नंतर समुद्राची वाफ आत खेचली जाते. अर्थात जंगल कमी झाले, किंवा त्याची त्या महिन्यांतली वाफ घटली, तर पावसाळा उशिरा सुरू होण्याला कारण मिळते. १९७९ पासूनच्या नोंदींवरून दक्षिण ॲमेझॉनमधला कोरडा ऋतू दर दशकात सुमारे साडेसहा दिवसांनी लांबत असल्याचे २०१३ मध्ये दाखवले गेले. त्यात एकट्या जंगलतोडीचा वाटा किती आणि समुद्राच्या तापमानाचा किती, हे वेगळे काढणे अवघड आहे. पण दिशा चिंताजनक आहे, कारण लांबलेला कोरडा ऋतू खोल मुळांच्या साठ्यावर ताण आणतो, त्यामुळे वाफ घटते, आणि घटलेली वाफ पुढचा पावसाळा आणखी उशिरा आणते.

मग संपूर्ण वर्षावनी पट्ट्यातली वाफ एकूण वाढली की घटली? याचे एका वाक्यात उत्तर देणाऱ्यांवर विश्वास ठेवू नये, असे माझे स्पष्ट मत आहे, आणि त्याचे कारण मोजण्याच्या पद्धतींत आहे. मनोऱ्यावरची उपकरणे हवेचा उभा वेग आणि आर्द्रता सेकंदाला दहा-वीस वेळा मोजून वाफेचा प्रवाह काढतात. ती पद्धत सर्वांत थेट आहे, पण एक मनोरा जेमतेम एखाद्या चौरस किलोमीटरच्या आसपासचे जंगल पाहतो, वर्षावनातल्या बहुतेक मनोऱ्यांच्या नोंदी १९९० च्या दशकाच्या अखेरीनंतरच्या आहेत, आणि मोजलेल्या प्रवाहांची बेरीज उपलब्ध ऊर्जेपेक्षा सहसा १० ते २० टक्क्यांनी कमी भरते. खोऱ्याच्या पातळीवर पडलेल्या पावसातून नदीचा प्रवाह आणि जमिनीतल्या साठ्याचा फरक वजा करून वाफ काढता येते. हा साठा मोजण्याची सोय २००२ मध्ये गुरुत्वाकर्षणातले बदल टिपणारे ग्रेस उपग्रह सोडल्यानंतर झाली. पण जंगलात पर्जन्यमापक इतके विरळ आहेत, की पावसाच्या अंदाजातली चूक थेट बाष्पीभवनाच्या उत्तरात उतरते. उपग्रहांना वाफ उडताना दिसत नाही. ते पानांची हिरवाई, पृष्ठभागाचे तापमान आणि ऊन पाहतात आणि समीकरणांतून वाफेचा अंदाज बांधतात, तोही ढगांनी झाकलेल्या प्रदेशात. ॲमेझॉनसाठी अशा वेगवेगळ्या माहितीसंचांचे दीर्घकालीन कल काढले तर काही वर जातात आणि काही खाली.

यात काळाच्या निवडीचाही घोळ असतो. जगभरच्या जमिनीवरचे बाष्पीभवन १९८२ ते १९९७ या काळात दर दशकाला वार्षिक सुमारे ७ मिलिमीटरने वाढले आणि १९९८ च्या मोठ्या एल निनोनंतर ही वाढ थांबली, असे २०१० मध्ये प्रसिद्ध झाले होते. जागतिक जलचक्राला खीळ बसली की काय, अशी शंका तेव्हा घेतली गेली. चार वर्षांनी दुसऱ्या गटाने दाखवले, की या थांबण्याचा मोठा भाग एल निनो आणि ला निना यांच्या आलटून पालटून येण्याचा होता. पंधरा वर्षांच्या नोंदीत एल निनो कुठे पडतो यावर कल बदलत असेल, तर त्याला दीर्घकालीन म्हणता येत नाही.

आग्नेय आशियात आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी लागते. मलेशियातल्या पासोह आणि बोर्निओतल्या लांबिर येथल्या जंगलांत वर्षानुवर्षे केलेल्या मापनांत पाऊस वरखाली झाला तरी वाफेचे प्रमाण बऱ्यापैकी स्थिर राहिल्याचे दिसते. पण त्या प्रदेशात जंगलाच्या जागी आलेले पाम तेलाचे मळे कुरणासारखे वागत नाहीत. कोवळ्या मळ्यातून जंगलापेक्षा बरीच कमी वाफ जाते, तर पूर्ण वाढलेल्या मळ्यातून जवळपास जंगलाइतकी. म्हणून तिथे तोडीनंतरच्या पहिल्या काही वर्षांतला आणि नंतरचा कल निरनिराळा येतो, आणि ॲमेझॉनचे निष्कर्ष तिथे जसेच्या तसे लावता येत नाहीत.

सर्वांत कमी मापने झाली आहेत ती काँगोच्या खोऱ्यात, आणि तिथेच ती सर्वांत निकडीची आहेत. या खोऱ्यातल्या बहुतेक जंगलाला वर्षाला १५०० ते २००० मिलिमीटर पाऊस मिळतो. वाफेची गरज त्या मानाने मोठी असल्यामुळे पाऊस आणि बाष्पीभवन यांतले अंतर ॲमेझॉनपेक्षा बरेच कमी उरते. पाऊस थोडा घटला किंवा हवेची तहान थोडी वाढली, तरी हे जंगल पाण्याच्या मर्यादेत जाऊ शकते. २००० ते २०१२ या काळातल्या उपग्रह नोंदींत या जंगलाची हिरवाई मोठ्या क्षेत्रावर ओसरल्याचे आढळले होते. यांगांबी येथे ५५ मीटर उंचीचा मनोरा उभा राहून वाफ आणि कार्बन यांची मोजणी सुरू झाली, ती २०२० च्या सुमाराला. या खोऱ्यातला असा तो पहिलाच. एल निनोची निदान दोन-तीन आवर्तने त्याच्या नोंदींत येईपर्यंत तिथला कल वर आहे की खाली, हे ठरवता येणार नाही, आणि तोपर्यंत त्या मनोऱ्याचा निधी आणि तिथली माणसे टिकून राहणे हे नव्या उपग्रहाइतकेच मोलाचे आहे.